प्रभारी केळ्यास खुले पत्र

प्रति,
मा. श्री. केळेराव रावेरकर,
मु. फणी, पो. घड, ता. रावेर, जि. जळगाव

विषय : आपल्याकडील अतिरिक्त कार्यभाराबाबत

महोदय,



पारनेरच्या बसस्थानकाबाहेर हातगाडीवर आपली गाठ पडते, पण तिथे आपण डझनाच्या भावात अडकलेले असता आणि गिऱ्हाईक सुट्ट्या पैशांत. म्हणून हा लेखी व्यवहार. सेनापती बापट याच पारनेरचे. मुळशीचा सत्याग्रह गाजवणाऱ्या माणसाच्या गावातून आलेली तक्रार पत्रावरच थांबते आहे, हे आपलं भाग्य समजा.

मोबाइलवर रोज सकाळी सुप्रभातापाठोपाठ आपले पोवाडे येतात. आपण म्हणे रक्तदाब उतरवता, हाडं भरता, मेंदू तल्लख करता, झोप आणता, मरगळ घालवता, वजन वाढवता आणि तेच वजन घटवताही. एवढी खाती एकट्या मुख्यमंत्र्याकडेसुद्धा नसतात.

आपलं जे खरं आहे ते आधी कबूल करतो, नाहीतर रावेर-यावलकडची मंडळी माझ्यावर उखडायची. मध्यम आकाराच्या एका केळ्यात साधारण शंभर कॅलरी, २७ ग्रॅम कर्बोदकं, तीन ग्रॅम तंतू, चारशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम आणि बऱ्यापैकी बी-६ जीवनसत्त्व असतं. पोटॅशियममुळे मूत्रपिंडं जादा मीठ बाहेर टाकतात आणि रक्तवाहिन्या सैलावतात. भाकरीबरोबर ठेचा, ठेच्याबरोबर लोणचं आणि वर पापड खाणाऱ्या आमच्या तालुक्याला याची गरज आहेच. पण जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला साडेतीन ग्रॅम पोटॅशियम घ्यायला सांगते. ते एकट्या आपल्याकडून वसूल करायचं तर रोज आठ-नऊ केळी खावी लागतील. त्यानंतर रक्तदाब मोजायला माणूस जागचा उठला तर पाहिजे. आणि ज्याची मूत्रपिंडं थकली आहेत किंवा ज्याला रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या चालू आहेत, त्याच्या अंगात हेच पोटॅशियम साठून हृदयाची लय बिघडवू शकतं. ही ओळ आपल्या पोवाड्यात कधी दिसत नाही. तरी दवाखान्यात कुणाला भेटायला जाताना लोक आधी आपल्यालाच पिशवीत घालतात, मग विचारतात, पेशंटला नेमकं झालंय काय?

राहून राहून वाटतं ते आमच्या मुगाबद्दल. खरिपात पारनेरच्या माळावर पिकणाऱ्या मुगाच्या शंभर ग्रॅम दाण्यांत हजार मिलिग्रॅमहून जास्त पोटॅशियम असतं आणि वीसेक ग्रॅम प्रथिनं वेगळीच. पण मुगाचा पिवळा फोटो काढता येत नाही, म्हणून त्याच्यावर कुणी मजकूर लिहीत नाही.

पोटाच्या खात्यातला आपला कारभार तर विलक्षण. आजोबांना साफ होत नाही, द्या केळं. नातवाला जुलाब लागलेत, द्या केळं. एकाच फणीतली ही दोन परस्परविरोधी कामं! गंमत म्हणजे दोन्हींत थोडं तथ्य आहे. कच्चेपणी आपल्यात न पचणारा स्टार्च असतो. तो मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या कामी येतो. ढाक्याच्या अतिसार संशोधन केंद्रात जुलाब न थांबणाऱ्या मुलांना शिजवलेलं हिरवं केळं दिलं, तेव्हा त्यांचे जुलाब कमी झाले. पिकलात की तोच स्टार्च साखर होतो आणि आजोबांच्या कामी येतात ते आपले तंतू. तेव्हा आजोबा आणि नातू यांना एकच केळं देणाऱ्या घरात दोघांपैकी एकाचं तरी चुकतं आहे. वर त्या नातवाला सर्दी झाली की आजीच्या हुकमानं आपल्याला फडताळात वर ठेवलं जातं. त्या आरोपातून मात्र मी आपल्याला निर्दोष सोडतो. सर्दी विषाणूंची असते, आपली नाही.

श्रमाच्या कामात आपण खरे. २०१२ साली अमेरिकेत १४ सायकलपटूंना ७५ किलोमीटर पळवलं. एकदा वाटेत केळी दिली, एकदा बाटलीतलं महागडं पेय. वेळेत काही फरक पडला नाही. सुपे एमआयडीसीच्या पाळीला निघालेल्या पोरानं गाडीवरून दोन केळी घेतली, तर त्यानं काही वाईट केलं नाही. मात्र ती दोन केळी म्हणजे त्याचं जेवण, असा हिशेब ठेकेदारानं धरू नये.

आता मुख्य तक्रार. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य शासनानं ठरवलं की शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा उकडलेलं अंडं, अंडा पुलाव किंवा बिर्याणी द्यायची, आणि जी मुलं अंडं खात नाहीत त्यांना केळं किंवा स्थानिक फळ. दर मुलामागे पाच रुपये. एका ओळीत आपली नेमणूक अंड्याच्या समकक्ष पदावर झाली. ना मुलाखत, ना अर्हतेची तपासणी. अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं, आपल्यात जेमतेम सव्वा. अंड्यात बी-१२, आपल्यात शून्य. ज्या मुलाच्या घरी अंडं शिजत नाही, त्यालाच बी-१२ ची चणचण जास्त, आणि नेमकं त्याच्याच हातात आपण. दूध, दही यांचा तरी या पदावर काही हक्क होता. शेंगदाण्याचा लाडू बी-१२ मध्ये नापास झाला असता, पण प्रथिनांच्या पेपरात तो आपल्याहून कितीतरी पुढे गेला असता.

स्थानिक फळ म्हणाल, तर आमच्या पठारावर बोरं, सीताफळं, डाळिंबं. पण डाळिंब सोलायचं कुणी आणि सीताफळाच्या बिया वर्गभर उडाल्या तर झाडायच्या कुणी? आपण फार सोयीचे. धुवायला नको, कापायला नको, मोजायला सोपे, आवरण निसर्गानंच घातलेलं. आपली खरी कीर्ती या सोयीवर उभी आहे आणि आरोग्याचं नाव मागाहून चिकटलं आहे, असा माझा जुना संशय आहे.

पुढे जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा जादा निधीच थांबला. द्यायचंच असेल तर लोकसहभागातून द्या, असं शाळांना कळवण्यात आलं. लोकसहभाग पारनेरला शिकवायला नको. आमच्याच तालुक्यातल्या राळेगणसिद्धीनं श्रमदानातून पाणी अडवून दाखवलं आहे. पण नालाबंडिंग श्रमदानानं होतं, कोंबडी श्रमदानानं अंडं देत नाही. मूळ पदच गोठल्यावर त्या पदाचा कार्यभार सांभाळणारे आपण कुठे बसणार? आपली खुर्चीही गेली. वाईट वाटलं. आठवड्यातून एकदा का होईना, पोरांच्या हातात खिचडीशिवाय काहीतरी पडत होतं.

आपण आमच्याकडे कायमचे पाहुणेच राहणार, हेही जाणतो. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तापीकाठची काळी जमीन, टिश्यूकल्चरची रोपं, ठिबक, सगळा थाट आहे. पारनेरला पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास आणि आपल्याला वर्षाकाठी त्याच्या तिपटीहून जास्त पाणी लागतं. इथे आपली बाग लावायची तर प्यायच्या टँकरला आधी रजा द्यावी लागेल. आमचा तालुका उपोषणासाठी देशभर माहीत, आणि आपण उपवासाचे. एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीवर आपण हजर असताच. पिष्टावर साखर खाऊन वर ‘आज पोटाला आराम’ म्हणणाऱ्या माणसाला काय सांगायचं ते आपण त्याला आतून सांगा.

तरी विनंती की, अंडं, जेवण, डॉक्टर आणि औषधाचं दुकान या चारही पदांचा अतिरिक्त कार्यभार आपण तातडीनं सोडावा. मूळ पदावर, म्हणजे स्वस्त, गोड आणि भरवशाचं फळ या पदावर, आपण निवृत्तीशिवाय राहावं. तिथे आपली बदली व्हावी असं म्हणणारा पारनेरात कुणी भेटणार नाही.

आपला,
एक पारनेरकर

ता. क. : कॅल्शियम कार्बाइडनं फळं पिकवायला कायद्यानं बंदी आहे, इथिलीन वायूला ठरावीक प्रमाणात परवानगी आहे. आपण वखारीत कोणाच्या संगतीत होता, याचा दाखला येताना फणीला बांधून आणावा.

प्रत माहितीस्तव : श्री. मूग, रा. पारनेर. आपलं प्रकरण वर पाठवलं आहे. शेरा अजून आलेला नाही.