सेंडचं बटण : अर्धा गुण

‘डिजिटल लेखन व साक्षरता’ या पेपरात एका मुलीने ई-मेल लिहिला. मजकूर नेटका, विषय नेमका, ऱ्हस्व-दीर्घही जागच्या जागी. तरी अर्धा गुण गेला, कारण चौकटीखाली ‘सेंड’चं बटण काढायचं राहिलं होतं. परीक्षकांचं काय चुकलं? बटणच नसेल तर ई-मेल जाणार कसा?

शेजारच्या बाकावरच्या मुलाने बटण काढलं होतं, पण वर, उजवीकडे, बाणासारखं. त्याचाही अर्धा गुण गेला. आदर्श उत्तरपत्रिकेत बटण खाली, डावीकडे आहे. त्या बिचाऱ्याने आयुष्यात ई-मेल पाहिला तो मोबाइलवर, आणि मोबाइलवर पाठवायचा बाण वरच असतो. कॉलेजातला संगणक त्याने पाहिला आहे, पण खिडकीच्या गजांतून. बटण डावीकडे की उजवीकडे, यावर आता विषय समितीची बैठक व्हायला हवी. इतिवृत्त हाताने लिहावं.

पेपर कागदावर का, असं विचारू नका. दोन क्रेडिटचा विषय आहे. थिअरी दाखवली तर ३० तासांत उरकतो, प्रात्यक्षिक दाखवलं तर ६० तास लागतात, त्यात बॅचेस पाडाव्या लागतात आणि प्रयोगशाळा उघडावी लागते. प्रयोगशाळेची किल्ली शिपाईमामांकडे, मामा परीक्षा विभागात, आणि दारावर पाटी : ‘चप्पल बाहेर काढावी. विनापरवानगी संगणकास हात लावू नये.’ तेव्हा थिअरीच बरी. सर टिपा सांगतात, मुलं उतरवून घेतात. ‘ई-मेलचे फायदे, दोन ओळी सोडा, ई-मेलचे तोटे.’ पेपर जवळ आला की गाइड येतं. त्यात मागच्या पानावर ई-मेलची चौकट छापलेली असते. पेन्सिल आणि पट्टी घेऊन ती दहा वेळा गिरवली की झाला मुलगा डिजिटल.

या चौकटीत खरी कला आहे. आधी @ हे चिन्ह. वर्गातल्या निम्म्या मुलांचं @ जिलबीसारखं सुटतं, मग ते खोडरबराने पुसून पुन्हा घालायचं. लिंक द्यायची तर निळ्या पेनाने लिहून खाली रेघ मारायची. पण सबंध पेपरच निळ्या पेनाने लिहिलेला, त्यामुळे लिंक कुठली आणि मजकूर कुठला हे ओळखायचं काम परीक्षकांचं. काळं पेन आणलेल्या मुलीला इथे उघड फायदा झाला, अशी तक्रार आहे. ‘सोबत फाइल जोडा’ असं प्रश्नात वाचून एकाने पुरवणी मागितली आणि ती दोऱ्याने बांधली. पर्यवेक्षक मॅडमनी त्याला गाठ घट्ट मारायला सांगितलं, जोडलेली फाइल वाटेत सुटू नये म्हणून. दुसऱ्या एकाने ई-मेलच्या तळाशी ‘आपला विश्वासू’ लिहून सही केली, आणि सहीखाली मोबाइलच्या बॅटरीचं चित्र काढलं. चित्राला गुण नव्हते. ब्लॉगलेखनाच्या प्रश्नात एका विद्यार्थिनीने अखेरीस ‘अधिक वाचण्यासाठी येथे क्लिक करा’ असं लिहिलं. परीक्षकांनी त्या शब्दांखाली लाल गोल केला आहे. क्लिक झालं की नाही, ते कळलेलं नाही.

आणि मग या उत्तरपत्रिका स्कॅन होतात. होय, तपासणी पडद्यावर होते. पेन्सिलने काढलेलं सेंडचं बटण अखेर संगणकात पोहोचतं. परीक्षक माउस हलवतात, बटणावर नेतात, अर्धा गुण देण्यासाठी त्यावर टिचकी मारतात. ज्या मुलाला संगणकाला हात लावायची परवानगी नव्हती, त्याच्या हस्ताक्षराला मात्र ती मिळाली. सबंध व्यवहारात डिजिटल लेखन केलं ते एकट्या परीक्षकांनी, तेही आकड्यांत.

घरून करून आणायच्या स्वाध्यायाची तऱ्हा आणखी वेगळी. मुलं एआयकडून उत्तर घेतात म्हणून फर्मान निघालं : स्वाध्याय हस्तलिखितच हवा. तेव्हापासून मुलं मोबाइल उशाला उभा करतात आणि एआयचं उत्तर सुवाच्य अक्षरात वहीत उतरवतात. ‘मी एक भाषिक प्रारूप असल्याने’ हे वाक्यसुद्धा तीन वह्यांत आलं, समासासकट. पूर्वी नक्कल करायला मित्राची वही मागावी लागे. ती न वाचता उतरवता येत नसे, निदान अक्षर लावावं लागे. आता तेही कष्ट गेले. या विषयाचा अभ्यासक्रम जो आहे, तोही पाहा. त्यात ‘युनिकोडचे फायदे’ असा मुद्दा आहे. देवनागरीला युनिकोडमध्ये जागा मिळाली १९९१ साली. अभ्यासक्रम मात्र टाइप झालाय जुन्या फाँटमध्ये, जो दुसऱ्या यंत्रावर उघडला की रोमन अक्षरांची खिचडी होते. म्हणून त्याची प्रिंट काढली, प्रिंटवर शिक्का मारला, शिक्क्याचा मोबाइलवर फोटो काढला, आणि तो तिरका फोटो व्हॉट्सॲपवर सगळ्यांना पाठवला. त्यात एक शब्द शोधायचा झाला तर डोळ्यांनी शोधायचा. मराठीच्या नावाने गळा काढणाऱ्यांना सांगा कुणीतरी : शोधता न येणारी मराठी म्हणजे पोत्यात भरून माळ्यावर टाकलेली मराठी. अभ्यासक्रम टाइप करण्याचं काम ज्यांचं आहे त्यांना इन्स्क्रिप्ट कळफलक शिकायला आठवडा पुरे होता. तीस वर्षं मिळाली.

इथवर हसू येत होतं. त्याच पेपरातला पुढचा प्रश्न : ‘अफवा म्हणजे काय? समाजमाध्यमांवरील अफवांचे प्रकार लिहा. गुण ५.’

१ जुलै २०१८. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आली, या संशयावरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. जीव जाईपर्यंत मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातली. अशा टोळ्यांचे निरोप त्याआधी कितीतरी दिवस मोबाइलवरून फिरत होते. त्याच महिन्यात, देशात व्हॉट्सॲपवर एक निरोप एका वेळी पाचपेक्षा जास्त ठिकाणी पुढे पाठवता येऊ नये, अशी मर्यादा जाहीर झाली. म्हणजे यंत्राला मर्यादा घालावी लागली, कारण अंगठ्याला कुणी ती शिकवली नव्हती. तो अंगठा शिकलेला असो वा नसो, त्याला कुठल्याही वर्गात कुणी हे सांगितलं नव्हतं की पुढे ढकलण्याआधी हा फोटो कधीचा, हा व्हिडिओ कुठला, हे पाच मिनिटांत शोधता येतं. आणि आज, इतक्या वर्षांनी, विषय आहे, क्रेडिट आहे, अठरा-एकोणीस वर्षांची हजारो मुलं खिशात फोन घेऊन समोर बसली आहेत, आणि आपण त्यांना तो फोन बॅगेत ठेवायला लावून अफवांचे प्रकार पाठ करायला सांगतो. अ, ब, क, ड, इ. पाचही प्रकार लिहिले की पाच गुण. तोच मुलगा बाहेर येऊन बॅगेतून फोन काढतो आणि गावच्या ग्रुपवर आलेला ताजा व्हिडिओ न बघता पुढे पाठवतो. तिथे बटण त्याला अचूक सापडतं.

पालकहो, निकाल लागला की मुलाला गुण विचारू नका. ग्रुपवर काल आलेला एखादा भडक व्हिडिओ त्याच्यासमोर धरा आणि हा कुठला, कधीचा, आधी कुणी टाकला, एवढं शोधायला सांगा. नाही जमलं, तर त्याला रागावू नका. त्याला घेऊन कॉलेजात जा आणि या विषयाची फी परत मागा. अर्ज मात्र लेखी द्या. ई-मेल तिथे कुणी उघडत नाही.