मोनोक्रोटोफॉस, उंदरांनी साक्ष दिली होती

मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकास,

पत्राची सुरुवात नमस्काराने करायची आमच्याकडे रीत आहे. तुझ्यासाठी ती मोडतो. कर्जत-खालापूरच्या घरांत तू वर्षानुवर्षं पाहुण्यासारखा राहिलास. पडवीत, खुंटीवरच्या पंपाखाली, कधी भाताच्या कणगीला टेकून. आणि ज्यांनी जागा दिली त्यांच्याच काळजाला हात घातलास. तुला नमस्कार कसला करायचा?

तू कोण आहेस हे तुझ्या बाटलीवरच छापलेलं होतं. कवटी, आणि तिच्याखाली लाल त्रिकोण. सरकारी वर्गवारीत याहून जहाल रंग नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत तुझ्यासमोर १४ हा आकडा आहे. वजनाच्या किलोमागे तुझे १४ मिलिग्रॅम पोटात गेले की निम्मे उंदीर मरतात, असा त्याचा अर्थ. हा आकडाही उंदीर मारूनच काढलेला आहे.

पण मला बोलायचंय ते मदुराईच्या उंदरांबद्दल. मदुराई कामराज विद्यापीठातल्या संशोधकांनी पांढऱ्या उंदरांना तुझी मात्रा रोज, तीन आठवडे दिली. मरणाची मात्रा नव्हे, त्या मात्रेचा फक्त पन्नासावा हिस्सा. शेतमजुराच्या अंगात रोज थोडंथोडं मुरतं ना, तशी. २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उंदरांच्या रक्तात ट्रोपोनिन वाढलेलं होतं. छातीत कळ आली म्हणून दवाखान्यात गेलेल्या माणसाचं रक्त ज्यासाठी तपासतात, तेच हे ट्रोपोनिन. हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याशिवाय ते असं रक्तात उतरत नाही. साखर आणि चरबीचं गणितही बिघडलं होतं. हृदयाचा काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तेव्हा इजा डोळ्यांना दिसली.

जनावरांवर विष आजमावणं मला पटत नाही. पिंजऱ्यातल्या जिवाला नाही म्हणता येत नाही, एवढं एकच कारण मला पुरतं. पण त्या उंदरांचा जीव घेतला गेला, त्यांच्या काळजाचे काप झाले, आणि त्यांनी जे सांगायचं ते सांगून टाकलं. त्यानंतर निदान ते ऐकायला हवं होतं. तू दहा वर्षं दुकानातल्या फळीवर बसून राहिलास. तुझी बाजू घेणारे त्याहून पक्के बसून राहिले.

त्या उंदरांना निदान कागदाचं संरक्षण होतं. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, प्रयोगांवर देखरेख करणारी समिती आहे, संस्थेची आचारसमिती आहे. किती उंदीर, कशासाठी, किती दिवस, हे आधी लिहून द्यावं लागतं. राजनाला कालव्याच्या पाण्यावर उन्हाळी भात करणाऱ्या आमच्या माणसासाठी असा कागद कोणी भरला?

त्याची फवारणी तू जवळून पाहिली आहेस. बादलीत पाणी, बाटलीचं टोपण भरून तू, आणि ढवळायला बांधावरचीच एखादी काठी. काठी सापडली नाही तर हात. पंपाचं झाकण कधीच घट्ट बसत नाही, म्हणून पाठीवरून ओघळणारं पाणी बनियन भिजवत कमरेपर्यंत जातं. तोंडाला रुमाल, अंगात अर्धी चड्डी, पाय चिखलात अनवाणी. वारा फिरला की सगळा फवारा तोंडावर. तू पाण्यात सहज विरघळतोस आणि कातडीतूनही आत शिरतोस. हातमोजे घालून, चष्मा लावून, वाऱ्याकडे पाठ करून फवारा, असं बाटलीवर मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं आणि तुझ्या मालकांची जबाबदारी संपली. कर्जतच्या दुपारच्या उकाड्यात तो पोशाख त्यांनी स्वतः तासभर घालून दाखवावा.

आत शिरून तू काय करतोस तेही लपलेलं नाही. मज्जातंतूकडून निरोप नेणारं ॲसिटिलकोलीन काम झालं की मोडून टाकणारं एक विकर शरीरात असतं. तू त्यालाच बांधून ठेवतोस. मग निरोप थांबतच नाहीत. बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, लाळ गळते, घाम सुटतो, छाती कफाने भरते. हृदय आधी भरधाव सुटतं, मग मंदावतं. काहींच्या ठोक्यांची लय पुढे अशी बिघडते की माणूस शुद्धीवर आल्यानंतर, दोन-चार दिवसांनीही दगावू शकतो. उतारा म्हणून ॲट्रोपिन वेळेवर आणि पुरेसं मिळालं, हृदयाच्या आलेखावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवलं, तर माणूस वाचू शकतो. पण शेतावरून आलेला गडी घामानं थबथबून अंगणातच कोसळला, तर आमच्याकडे सगळे एकच बोलतात, अटॅक आला. ते विकर किती उरलंय हे रक्तात तपासता येतं. तपासा म्हणणारा कोणी तिथे नसतो. म्हणून तुझं नाव कागदावर येत नाही, आणि तू निर्दोष सुटतोस.

अमेरिकेनं तुला १९८८ मध्येच दार दाखवलं. आमच्याकडे २००५ मध्ये एवढंच ठरलं की तुला भाजीपाल्यावर वापरायचं नाही, भात-कापसावर चालेल. हा नियम करणाऱ्यांनी कर्जतचं एखादं वावर तरी पाहिलं होतं का? बांधाच्या अलीकडे भात, पलीकडे भेंडी आणि कारली, पंप एकच, माणूसही तोच. आज संध्याकाळी फवारा आणि उद्या पहाटे बायका तोडणीला, कारण वाशीच्या भाजीबाजाराची गाडी थांबत नाही. ती भेंडी मुंबईत कोणाच्या ताटात गेली हे तुला माहीत असणार, आम्हाला नाही.

२००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या तुझ्या वापरावर अख्खा अहवाल लिहिला. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या गंडामन गावात शाळेच्या जेवणाच्या तेलातून तू २३ मुलं मारलीस. मदुराईच्या उंदरांचं वर्षही तेच. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. तेव्हा राज्य सरकारनं ज्या पाच औषधांवर विदर्भातल्या काही जिल्ह्यांत बंदी घातली, त्यात तू होतास. बंदी किती दिवसांची? साठ! मे २०२० मध्ये केंद्रानं २७ कीटकनाशकं बंद करण्याचा मसुदा काढला. त्यातही तू होतास. मग हरकती, सुनावण्या, समित्या. शेवटी २०२३ मध्ये तुझ्या ३६ टक्के द्रावणावर बंदी आली, तीही वर्षभराची सवलत देऊन. माल पडून राहायला नको, एवढी कळकळ तुझ्या वाट्याला आली.

तुझं गोत आमच्या उशालाच आहे. पाताळगंगेच्या काठी रसायनीत सरकारी कारखान्यात तुझा भाऊबंद मॅलॅथिऑन बनत होता, डीडीटीही. त्याच रसायनीत डिसेंबर २०१८ मध्ये एका कारखान्यातून वायू गळला आणि तीसच्या वर माकडं मेल्याच्या बातम्या आल्या. कबुतरंही मेली. तो वायू तुझ्या कुळातला नव्हता. पण आमच्याकडच्या जनावरांवर आणि माणसांवर प्रयोग कसे होतात, ते त्या माकडांनी दाखवलं. परवानगी नाही, नोंदवही नाही, निष्कर्ष कोणी लिहून घेत नाही.

आता तुझं ते ३६ टक्के द्रावण कायद्यानं गेलं आहे. तरी जुनी बाटली अजून कुठल्या पडवीत असेल, कुठल्या गोठ्याच्या आढ्यात खोचलेली असेल. रिकाम्या बाटलीत रॉकेल भरून ठेवणारीही घरं आहेत. तुझ्या मालकांनी माल गावोगाव पोचवला तसाच परत न्यावा, ओलमण-कशेळेपासून चौकपर्यंत, स्वतःच्या गाडीनं आणि स्वतःच्या खर्चानं. कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात फवारणी करणाऱ्यांच्या रक्ताची तपासणी हंगामाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा व्हावी, फुकट. हृदयाचा आलेखही त्याच दिवशी काढावा. खर्चाचं बिल तुझ्या मालकांना पाठवावं. आणि तुझ्या जागी जे नवं औषध दुकानात येईल, त्याचे जनावरांवरचे निष्कर्ष मराठीत, ठसठशीत अक्षरांत, दुकानाच्या दारावर लावावेत. उंदराच्या काळजाचं काय झालं, ते पैसे मोजण्याआधी आम्हाला वाचू द्या.

तुझा निरोप घेत नाही. हिशेब बाकी आहे.

राजनाल्याकाठचा एक भातशेतकरी,
तालुका कर्जत, जिल्हा रायगड