एकोणपन्नास वर्षांचा कडुलिंब

वैद्यकाची पदवी, पर्यावरणाचा कळवळा आणि प्रभागातील हुकमी मते या तीन गोष्टी एकाच इसमाच्या ठायी एकवटल्या म्हणजे जो महापुरुष निर्माण होतो, त्यास आपल्याकडे नुसते ‘डॉक्टर’ म्हणतात. आमचे डॉक्टर नेमके कोणत्या गावचे, हे कृपया विचारू नये. परभणी जिल्ह्यात तालुके ९ आहेत आणि प्रत्येक तालुका त्यांना शेजारच्या तालुक्याचे समजून निर्धास्त असतो. मी मानवतला, कापूसबाजारातील एका आडतीच्या ओट्यावर बसून हे लिहितो आहे, तेव्हा तीच सवलत मलाही असावी.

त्यांची कारकीर्द वाचकांना पाठ आहे. प्रथम औषधाच्या चिठ्ठीबरोबर एक रोप, आणि चिठ्ठीवर गोळ्यांच्या खाली ‘एक तांब्या पाणी, सकाळ-संध्याकाळ’ अशी मात्रा. रोप बहुधा शेळी खाई. परंतु रोपाच्या काळ्या पिशवीवर चिकटवलेले डॉक्टरांचे छायाचित्र शेळीलाही पचत नसल्यामुळे ते उकिरड्यावरून सर्वांस दर्शन देत राही. पुढे ते नगरसेवक झाले, मग सभापती झाले. पर्यावरण हा पक्षातीत विषय असल्याने त्यांनी पक्ष चार वेळा बदलला. वय अठ्ठावन्न असूनही वाढदिवसाच्या फ्लेक्सवर ते अद्याप ‘युवा नेतृत्व’च असतात. हे मी आकसाने लिहीत नाही, पुढे पुराव्याच्या कामी येईल म्हणून नमूद करून ठेवतो.

प्रस्तुत लेखाचे निमित्त म्हणजे त्यांनी दिलेला एक दाखला होय. डॉक्टरांच्या संकल्पनेतून साकारणाऱ्या ‘प्राणवायू उद्याना’च्या कमानीस एक कडुलिंब आडवा येत होता. दोघांनी हात धरून कवेत घेऊ म्हटले तरी बोटे बोटांना न लागावीत एवढा त्याचा बुंधा. तो तोडल्याखेरीज प्राणवायू गावात येण्यास वाट नव्हती. आता, नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ चा. त्यात २०२१ साली दुरुस्ती झाली आणि तीनुसार पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाचे झाड हे ‘वारसा वृक्ष’ ठरले. झाड तोडावयाचे तर त्याच्या वयाइतकी नवी रोपे लावावीत, असाही दंडक त्याच दुरुस्तीने घातला. म्हणजे सारा प्रश्न लिंबाच्या वयापाशी येऊन ठेपला, आणि वय ठरविणे हे तर वैद्याचेच काम. डॉक्टरांनी बुंध्याला स्टेथोस्कोप लावला, डोळे मिटले, छायाचित्र निघाले आणि त्याच सायंकाळी तज्ज्ञ सदस्य या नात्याने त्यांनी लेखी अभिप्राय दिला: अंदाजे वय ४९ वर्षे.

एकोणपन्नास! या आकड्यावर माझा जीव जडला आहे. चाळीस म्हटले असते तर पोरासोरांनीही हसून घेतले असते. पन्नास म्हटले असते तर वारसा उभा राहिला असता. पंचेचाळीस ही संख्या ठोकळेबाज, तिला अंदाजाचा वास येतो. एकोणपन्नास या संख्येत मात्र शास्त्र आहे, संयम आहे, आणि वारशाच्या उंबरठ्यावर एक पाऊल उचलून तसाच थबकलेल्या वृक्षाचा विनय आहे. हे वय त्या लिंबाला किती वर्षे होते, कोण जाणे. पण माझी खात्री आहे की, कमानीचा आराखडा आणखी दहा वर्षे रखडला असता तरी तो बिचारा एकोणपन्नासचाच राहिला असता, जसे डॉक्टर युवाच राहिले आहेत. आणि वजाबाकी केली तर लिंबाचा जन्म १९७६ च्या सुमारास येतो, म्हणजे ज्या कायद्याने त्याला राखावयाचे, त्या कायद्याहूनही तो धाकटा ठरतो. वडीलधाऱ्या कायद्याने धाकट्या झाडाला सांभाळून घ्यावे, ही आपली रीत. पण हरकती मागविणारी जी नोटीस झाडावर डकविली होती तिच्यावरच डॉक्टरांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स ताणला गेल्यामुळे ती वाचण्याचे भाग्य कोणास लाभले नाही. मुदतीत हरकत आली नाही, असे दप्तरात नमूद आहे. फ्लेक्सच्या चार कोपऱ्यांना चार खिळे होते आणि ते चारही लिंबातच ठोकलेले होते, हे मी स्वतः जवळ जाऊन पाहिले. एका खिळ्याभोवती डिंकाचा थेंब येऊन सुकला होता.

येथवर मी हसत होतो. आता हसू येत नाही, त्याचे कारण आमच्या गल्लीतील एक आजी. मराठवाड्यात माणसे दोनच दिवशी जन्मतात: जन्मतारीख गुरुजींनी घातली तर १ जूनला, आणि यंत्राने घातली तर १ जानेवारीला. आजी शाळेत गेल्या नाहीत, सबब त्या आधारकार्डावर १ जानेवारी १९६८ रोजी जन्मल्या. श्रावणबाळ योजनेच्या निवृत्तिवेतनास वय ६५ लागते, आणि सत्तरी गाठलेल्या, कापूस वेचून वेचून बोटांची पेरे वाकडी झालेल्या या बाईला सरकार अजून वयात येऊ देत नाही. वयाचा वैद्यकीय दाखला मिळावा म्हणून मी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेलो होतो. डॉक्टरांनी त्यांचे हातही पाहिले नाहीत. “मावशी, वय कागदावर असतं. कागद नसेल तर मी काय करणार? माझ्या सहीला कायद्याची चौकट आहे,” असे ते म्हणाले, आणि निघताना आजींच्या हाती एक रोप दिले. ज्या मनुष्याला सत्तर वर्षांच्या जित्या बाईच्या मुखावर, केसांवर, दातांवर, पाठीच्या कण्यावर एक वर्षसुद्धा लिहिलेले दिसत नाही, जो कागद आणा म्हणतो, त्याला एका मुक्या झाडाचे वय कोणताही कागद नसताना, तासाभरात, एका वर्षाच्याही फरकाशिवाय सापडावे, याला मी विद्वत्ता म्हणणार नाही. कोणाचे वय वाढविल्याने काहीच पदरात पडत नाही आणि कोणाचे घटविल्याने कमान उभी राहते, एवढेच ज्याला नेमके कळते त्याच्या नावामागे कोणती पदवी लावावी ते विद्यापीठांनी ठरवावे. मते मागायला मात्र हेच डॉक्टर आजींच्या दारात आले होते, पायाला हात लावला होता, आणि “तुमच्यासारख्या ऐंशी वर्षांच्या माउलीचा आशीर्वाद” असे शब्द त्यांनी ध्वनिक्षेपकावरून उच्चारले होते. निवडणुकीत ऐंशी, दवाखान्यात बिनकागदाच्या. माणसाने म्हातारे तरी कोणत्या कचेरीत व्हावे?

दाखला मिळाला नाही, म्हणून मी आजींचे प्रतिज्ञापत्र लिहून दिले. मसुदा माझा, पण साक्ष त्यांची. “म्या नांदायला आले न् वर्साच्या आतच बाहत्तरचा दुष्काळ पडला बाबा. खडी फोडायला जायचो. मुकादम त्या लिंबाखालीच हजेरी घ्यायचा. सुकडीबी तिथंच वाटायचे. लिंब तवाबी येवढाच होता.” त्यांच्या सासऱ्याने रझाकारांच्या धामधुमीत बैलजोडी रात्रभर याच लिंबाला बांधून ठेवली होती, हेही त्यांनी सांगितले, पण ते १९४८ च्या आधीचे, आणि ऐकीव, म्हणून मी गाळले. बाहत्तरची हजेरी मात्र त्यांच्या डोळ्यांदेखतची. नांदायला आलेली बाई १९७२ साली चार वर्षांची असू शकत नाही, इतका साधा हिशेब कोणत्याही कारकुनास उमजेल, असा माझा भाबडा समज होता. अर्जात मी अभिमानाने लिहिले: सदर कडुलिंब आजही उभा असून प्रत्यक्ष पाहणीस उपलब्ध आहे.

लिंब मंगळवारी रात्री पडला. बुधवारी सकाळी बुंधाही यंत्राने उपसलेला होता आणि खड्ड्यावर मुरूम पसरून झाला होता. बदल्यात लावावयाची ४९ रोपे डॉक्टरांनी दवाखान्यातून रुग्णांना वाटली. त्यांतील एक आजींच्या वाट्याला दुसऱ्यांदा आले. कमानीवर हिरव्या अक्षरांत डॉक्टरांचे नाव आहे, आणि भर उन्हात ते दुरूनही वाचता येते, कारण आता तेथे सावली नाही.

गेल्या आठवड्यात आजींचा अर्ज परत आला. अर्जाला डॉक्टरांच्या अभिप्रायाची नक्कल टाचलेली होती आणि समासात लाल शाईने शेरा होता: ‘अर्जदाराने नमूद केलेले झाड १९७२ साली अस्तित्वात नव्हते. सबब अर्ज नामंजूर.’