दिवा ते कुडाळ, व्हाया अंगठा

वस्तू हरवण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. आजवर मी सात छत्र्या, तीन चष्मे, एक नवीकोरी चप्पल (फक्त उजवी) आणि एकदा चक्क शिट्टी देत असलेला कुकर हरवलाय. आमचा सिलिंडर संपला म्हणून तो शेजारच्या काकूंच्या गॅसवर चढवला होता, हे मी साफ विसरले. आठवण झाली तोवर काकांचं त्या खिचडीवर तूप घालून जेवणही उरकलं होतं.

अशा बाईने आपल्या होणाऱ्या नवऱ्याची साखरपुड्याची अंगठी दिव्यापासून कुडाळपर्यंत सुखरूप न्यावी, ही कल्पना अर्थातच माझी नव्हती. ती चावीची.

चावी म्हणजे कोण, हे आधी सांगायला हवं. डोंबिवली पूर्वेला एका वन बीएचकेमध्ये आम्ही चौघी पाच वर्षं राहतोय. आमची खरी नावं आता फक्त भाडेकरारावर उरलीत. घरात जिचं जे काम, तेच तिचं नाव. महिन्याचा खर्च कॅलेंडरच्या चौकटींत मुंगीच्या अक्षरात मांडणारी ती हिशेब. पहाटे उठून पिशव्या आत घेणारी आणि नासलं तर कोणाला न सांगता पनीर करणारी ती दूध. माझ्या तीन किल्ल्या हरवल्यावर चौथी स्वतःच्या गळ्यात अडकवून फिरणारी ती चावी. माझ्याकडे कुठलंच काम टिकेना, म्हणून मी ‘हरवलं’. संध्याकाळी गॅलरीतून “हरवलं, वर ये!” अशी हाक गेली की खाली वॉचमनकाका गाड्यांखाली वाकून बघायचे. पहिले सहा महिने त्यांना वाटत होतं, आमचं मांजर आहे.

तर अंगठी. साखरपुडा कुडाळ तालुक्यात, आमच्या घरी. मुलगा गोव्यात, वेर्ण्याच्या एका कारखान्यात. बाबा फोनवर म्हणाले, “तेच्या बोटाचा माप घे आनि थंयच कर अंगठी.” तो एका दिवसासाठी मुंबईत आला तेव्हा माप घ्यायचं ठरलं. भेटीला वेळ होता अर्धा तास आणि जागा होती दादरच्या पुलाखाली. मी हिशेबच्या शिवणाच्या डब्यातून हातभर पांढरा दोरा आणला होता. तो त्याच्या बोटाला गुंडाळला, माप धरून गाठ मारली आणि मान वर केली, तर एक आजोबा कौतुकाने बघत उभे. म्हणाले, “बहीण-भावाचं असंच राहू दे.” माझ्या प्रेमजीवनातला हा आजवरचा सर्वात जाहीर प्रसंग.

सोनाराने दोरा बघून पाच ग्रॅमची अंगठी केली. बावीस कॅरेट, आत ९१६ चा शिक्का. डबी घरी आली, मी सवयीने ती चावीपुढे धरली, तर तिने हात मागे घेतला.

“नाही. तुझ्या नवऱ्याची अंगठी तू सांभाळ. डिसेंबरनंतर मी असणारे का तिकडे?”

हे ती भांडी घासता घासता बोलली, त्यामुळे तिचा चेहरा मला दिसला नाही.

मे महिना होता. दिवा-सावंतवाडी गाडीला चाकरमान्यांची जी गर्दी असते, तिचं वर्णन करायला श्वास घ्यायला जागा लागते, म्हणून करत नाही. दूधने खिडकीतून रुमाल टाकला, हिशेबने पिशवी टाकली, चावीने स्वतःला टाकलं आणि आम्हाला तीन माणसांच्या जागेत चार माणसं बसता येतील एवढी जागा मिळाली. लोकलच्या चौथ्या सीटवर घडलेल्या शरीरांना हे चैनीचंच. गाडी सुटली आणि माझ्या मनात डबीची धास्ती सुरू झाली. पर्स चोरीला गेली तर? डबी पडली तर? मीच डबी कोणाला खाऊ म्हणून दिली तर? तेव्हा मला एक तोडगा सुचला. एकोणतीस वर्षांत मी काय काय हरवलं, पण माझा अंगठा कधीही हरवलेला नाही. मी अंगठी काढली आणि डाव्या अंगठ्यात सरकवली. सांध्यावर जरा अडली. मी दाबली. गेली.

पेणला मी ती सहज फिरवून बघितली. फिरत होती. रोह्याला सहज काढून बघितली. येत नव्हती.

रोह्यापासून कोकण रेल्वे सुरू होते. तिथून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर, नव्वदच्या वर बोगदे. १९९८ च्या जानेवारीत ही वाट पूर्ण खुली झाली आणि आमच्या बाबांच्या मते कोकणाचा वनवास संपला. माझा तिथेच सुरू झाला.

कोलाडला मी तो अंगठा गुपचूप ओढणीखाली घेऊन ओढत होते. माणगावला दूध म्हणाली, “हरवलं, तू ओढणीत काय मारतेयस?” मी अंगठा वर केला. कोणालाही वाटलं असतं, मी ‘सगळं उत्तम’ अशी खूण करतेय. हिशेबने तसाच अंगठा दाखवून उत्तरही दिलं. मग तिला दिसलं.

त्यानंतरचे चार तास आमच्या डब्याला दुसरा उद्योग नव्हता. आधी बेसिनजवळ साबण. साबणाने अंगठी सोडून सगळं निसटलं, साबणासकट. मग खोबरेल तेल. मग कुणाच्या तरी डब्यातलं साजूक तूप, तेही घरचं, अशी ग्वाही देऊन. खेडला एका काकूंनी बाम लावला. का, ते त्यांनाही सांगता आलं नाही. चिपळूणला वाशिष्ठीचं पात्र काय देखणं दिसतं म्हणतात. मी त्या वेळी कोकम सरबताच्या पेल्यात अंगठा बुडवून बसले होते. सरबतवाल्याने बर्फ जास्त घातला आणि पैसे पेल्याचेच घेतले. माझा अंगठा मात्र लालवरून जांभळ्यावर आला. यातलं काही सरबताचं आणि काही माझं होतं.

उन्हाळ्यात बोटं मुळातच सुजतात, आणि ओढावं तशी जास्त सुजतात, हे ज्ञान डब्यात प्रत्येकाकडे होतं. ते सांगून झालं की प्रत्येक जण एकदा ओढून बघत होता.

समोरचे एक काका मात्र काही ओढत नव्हते. ते पेपराआडून म्हणाले, “एवढी अंगठी सांभाळता येत नाही. संसार कसा करणार ह्या मुली?”

इथे मला विनोद सुचला नाही. पाच वर्षं आम्ही चौघी भाडं एक तारखेला देतो, पावणेसहाला येणारं पाणी सातच्या आत भरतो, दूधला डेंगी झाला तेव्हा आळीपाळीने रजा टाकून दवाखान्यात बसलो. हिशेबची नोकरी गेली तेव्हा कॅलेंडरवर तिच्या नावापुढे चार महिने शून्य होतं आणि ते शून्य कोणी वाचलं नाही. याला काकांच्या भाषेत काय म्हणतात मला माहीत नाही. आमच्याकडे याला संसार म्हणतात. पण हे सगळं बोलायला तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून आलं, “काका, तुमच्याकडे साबण आहे का?”

आणि मला या अंगठीचाच राग आला. मूळ विधीचं नाव वाङ्निश्चय. म्हणजे शब्द द्यायचा. नावही बघा, साखरपुडा: साखरेचा पुडा हातावर ठेवायचा, नारळ द्यायचा, ओटी भरायची, झालं. यात अंगठी कुठे आली? शब्द अडकला तर घशात अडकतो, बोट सुजवत नाही. साखर तर हरवली तरी मुंग्या शोधून देतात.

आईचा फोन संगमेश्वरला आला.

“अंगठी हाडलंस मा गो?”

“होय गो.”

“खंय ठेवलंस?”

“हातातच आसा.”

“शाणी झालस गो माझी बाय,” आई म्हणाली आणि तिचा आवाज भरून आला. मी फोन ठेवला आणि माझे डोळे भरून आले. अंगठा आधीच भरला होता.

उद्या सकाळी दहाचा मुहूर्त. आता कुडाळला उतरून सोनाराकडून अंगठी कापून घ्यायची आणि साखरपुड्यालाच अंगठी तोडली म्हणून आईचं मरेपर्यंत ऐकायचं, एवढं एकच दिसत होतं. चावी तोवर काही बोलली नव्हती. ती उठली, हिशेबला खिडकीशी सरकवलं, माझ्या शेजारी बसली आणि माझा डावा हात मनगटापाशी धरून तिने वर उचलला. पार डोक्याच्या वर.

“सूज उतरते असं धरलं की. खाली घेऊ नकोस.”

“हात दुखेल माझा.”

“तू सोड. मी धरलाय.”

उक्षी गेलं आणि करबुड्याचा बोगदा आला. साडेसहा किलोमीटर, कोकण रेल्वेवरचा सर्वात लांब. खिडक्यांत नुसता काळोख, डब्यात धडधड, कोणाचं कोणाला ऐकू येत नाही. त्या आवाजात ती काहीतरी बोलली. मी “काय?” म्हणून ओरडले. बोगदा संपल्यावर ती म्हणाली, “काही नाही. डबी मीच घ्यायला हवी होती.”

रत्नागिरी गेली. तिच्यापुढचा पानवलचा पूल चौसष्ट मीटर उंच आहे; अख्खा डबा खिडक्यांना चिकटला आणि मी तिच्या काखेकडे बघत होते, कारण हात वर असल्यामुळे मान तेवढीच वळत होती. निवसर, आडवली, विलवडे. क्रॉसिंगला गाडी थांबली, सुटली. तिचा एक हात अवघडला की ती दुसऱ्याने धरायची. वस्तू हरवण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही, असं मी वर लिहिलंय. ते खोटं आहे. तिने संगमेश्वरपासून राजापूरपर्यंत धरला.

राजापूर रोडला वरच्या बाकावरून दोन पाय खाली लोंबले. त्यामागून एक आजी उतरल्या. दिव्यापासून त्या वर झोपून होत्या. साबण, तूप, बाम, काका, कशानेही जाग आली नव्हती. त्यांनी माझा अंगठा हातात घेतला, चष्मा वर सरकवला आणि म्हणाल्या, “अगो, माका आधी उठवक काय झालेला? दोरो हाड.”

दोरा. सगळ्या डब्यात साबणाच्या तीन वड्या निघाल्या होत्या, पण दोरा कोणाकडे नव्हता. हिशेबचा शिवणाचा डबा डोंबिवलीत. आणि मग मला आठवलं. पर्सच्या आतल्या कप्प्यात मी हात घातला. दादरपासून तो हातभर पांढरा दोरा तिथेच होता, त्याच्या बोटाच्या मापाच्या गाठीसकट. मी तो हरवला नव्हता. तिघी माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मी नदीत फेकलेली मूर्ती परत वर आली.

आजींनी दूधच्या केसांतली पिन घेतली, दोऱ्याचं एक टोक अंगठीखालून तळव्याच्या बाजूला काढलं. उरलेला दोरा अंगठीला लागून नखाकडे गुंडाळत नेला, वेढ्याला वेढा चिकटून, घट्ट, सांध्याच्या पलीकडेपर्यंत. सूज दबून अंगठा रिळासारखा दिसायला लागला. मग खालचं टोक धरून त्या दोरा उलगडायला लागल्या. एक वेढा सुटायचा, अंगठी तेवढी पुढे सरकायची. सांध्यावर मी काय ओरडले ते आठवत नाही. काकांनी पेपर खाली ठेवला एवढं आठवतं. आणि अंगठी सुटली. सुटली ती उडाली, बाकावर आपटली, खाली पडली आणि दाराकडे घरंगळत निघाली. दूधने चप्पल घातलेला पाय त्यावर ठेवला.

“नासलं असतं आता सगळं,” ती म्हणाली.

माझ्या अंगठ्याच्या आतल्या बाजूला ९१६ उलटं उमटलं होतं. आजींना नमस्कार करायला वाकले तर त्या परत वरच्या बाकावर चढल्या होत्या.

साखरपुडा छान झाला. ओटी भरली, साखर दिली, पेढे वाटले, कोणाच्या तरी काकीने उखाण्यासाठी अडवलं. मी त्याच्या बोटात अंगठी घातली आणि ती सुळकन फिरून खाली लटकली. सैल! दादरला घाईत माप ढिलं घेतलं होतं. सगळे बघत असताना मी पर्स उघडली, तोच दोरा काढला आणि अंगठीच्या मागच्या बाजूला सात वेढे दिले. आता नीट बसली. तो सोनाराकडे नेऊन लहान करून आणतो म्हणतो. मी नेऊ देत नाही. पांढरा दोरा आता करडा झालाय, तेवढा बदलायचाय.

परतीच्या गाडीत चावीने गळ्यातून किल्ली काढून माझ्या हातात दिली. “डिसेंबरपर्यंत तुझ्याकडे राहू दे,” म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. करबुड्यापर्यंत बघतच होती.

याला दोन महिने झाले. हे लिहिताना मी दोनदा पर्स उपसून किल्ली शोधली. दोन्ही वेळा सापडली.