असू दे की!

असू-दे-वाला प्रत्येक घरात एक तरी असतो, त्यामुळे ओळख करून देत बसत नाही. श्रीखंडाचा रिकामा डबा, १९९८चं वीजबिल, मोडलेल्या छत्रीची काडी, यांतलं काहीही हातात घेऊन जो 'असू दे की, लागलं तर?' म्हणतो, तोच तो. आमच्याकडे हे पद बायकोच्या मामांकडे आहे. इचलकरंजीत त्यांचं पॉवरलूमच्या सुट्या भागांचं दुकान आहे. दुकानात शटल, पिकर, बॉबिन मिळतात. गिऱ्हाइकानं हट्ट धरला तर पंचवीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या लूमचा नटसुद्धा मिळतो, आणि मग महिनाभर आम्हा सर्वांना त्या नटाची गोष्ट ऐकावी लागते.

गेल्या पावसाळ्यात मामांचा फोन आला. "जावईबापू, त्या होस्टिंगवाल्यानं यंदा तिप्पट पैसे मागितलेत. आपण बिऱ्हाड हलवू." नावाला 'बापू' लागला की जावयाची नकार देण्याची सोय संपते. मी निघालो.

दुकानाची वेबसाइट नव्या होस्टिंगवर हलवायला वीस मिनिटं लागली. चारच पानं होती, आणि त्यांतलं एक 'लवकरच येत आहे' असं २०११पासून सांगत होतं. मग मी मेलबॉक्स उघडला. एक लाख चौदा हजार पत्रं. एकतीस जीबी. नव्या ठिकाणी जागा होती दहा जीबी.

"मामा, थोडं कमी करू या."

"करा की," मामा म्हणाले आणि स्टूल ओढून शेजारी बसले. तिथंच मी फसलो.

पहिलं पत्र एका परदेशी राजपुत्राचं होतं. वडिलांचे कोट्यवधी डॉलर अडकलेत म्हणून मामांची मदत मागत होता. "असू दे की. किती लांबून लिहितोय." दुसरं बिनव्याजी कर्जाचं. "असू दे की, लागलं तर?" तिसऱ्यात काहीच नव्हतं, नुसता कोरा कागद. तो मामांनी बराच वेळ न्याहाळला. "घाईत होता वाटतं. असू दे." फोल्डर होते 'महत्त्वाचे', 'फार महत्त्वाचे', 'बघायचे', 'नक्की बघायचे' आणि 'बघितले, पण असू दे'. दोन दिवस बसून आम्ही चौदा पत्रं काढली. त्यांतली नऊ मामांनी रात्री कचऱ्याच्या फोल्डरमधून परत आणली, असं सकाळी मामींनी चहा देताना सांगितलं.

पन्नास जीबीचा प्लॅन घेतला. वाचलेले पैसे तिथंच गेले.

खरं म्हणजे मामांना दोष देण्यात अर्थ नाही. हॉटमेल दोन एमबी देत होतं त्या काळात, १ एप्रिल २००४ला, जीमेलनं एक जीबी जागा जाहीर केली, तेव्हा अनेकांना ते एप्रिल फूलच वाटलं. पत्र पुसायचंच नाही, ही कल्पना तेव्हा जगाला नवी होती. मामांच्या दुकानात मात्र ती तारेला खोचलेल्या बिलांच्या रूपानं आधीपासूनच लोंबकळत होती. जग पुढं सरकत सरकत मामांपर्यंत पोचलं, इतकंच.

आता पत्रं हलवायची रीत त्यांना समजावणं भाग होतं. म्हटलं, मामा, जगभरच्या सर्व्हरना तुमचं टपाल कुठं टाकायचं हे एमएक्स रेकॉर्ड सांगतो. तो बदलला तरी ज्यांनी जुना पत्ता लक्षात ठेवलाय ते काही काळ जुन्याच दारात पत्र टाकणार. किती काळ, तेही त्या रेकॉर्डवर सेकंदांत लिहिलेलं असतं. आपल्याकडे ८६,४०० आहे, म्हणजे अख्खा दिवस. तो आकडा आधीच ३००वर आणायचा, सगळी पत्रं एकदा नकलायची, मग पत्ता बदलायचा आणि...

"आणि जुन्या गाळ्यावर एक माणूस बसवून ठेवायचा," मामा म्हणाले. "चुकून तिकडं आलेलं गोळा करायला."

मी गप्प झालो. हे समजायला मला दोन गिऱ्हाइकांच्या शिव्या खाव्या लागल्या होत्या. मामांनी स्टेशन रोडला दुकान हलवलं तेव्हा जुना गाळा वर्षभर भाड्यानं ठेवून तिथं एक पोरगा बसवला होता म्हणे. त्या पोराचं काम एकच, आलेल्याला बोट दाखवायचं.

रात्री आयमॅपसिंक लावलं. हे साधन मोठं गुणी आहे. दोन्ही सर्व्हरवर शिरतं, प्रत्येक पत्राचा मेसेज-आयडी ताडून बघतं, नसेल तेच नेतं, आणि तारीख जशीच्या तशी ठेवतं. मध्येच वीज गेली तरी पुन्हा सुरू केल्यावर दुबार प्रती होत नाहीत. वीज गेलीच, दोनदा. पण पडद्यावर बघतो तर मामांच्या फोल्डरांची नावं गायब! सगळी एका 'अँड'च्या खुणेनं आणि इंग्रजी 'सी'नं सुरू होणारी, पुढं नुसता अक्षरांचा भुसा. आयमॅपचा जन्म १९८६चा. तेव्हाच्या यंत्रांना इंग्रजीपलीकडचं पचत नव्हतं, म्हणून फोल्डरचं देवनागरी नाव आजही बऱ्याच ठिकाणी असं वेष पालटून प्रवास करतं. 'महत्त्वाचे' कुठलं आणि 'असू दे' कुठलं, मला कळेना. तसं ते आधीही कळत नव्हतंच.

त्यातल्या एका फोल्डरमध्ये तीन हजार आठशे पत्रं होती. दुसऱ्या दिवशी मेलबॉक्समध्ये त्याचं खरं नाव वाचलं. 'डेमनसाहेब'.

पत्र पोचलं नाही की 'मेलर-डेमन' या नावानं परत येतं, ती सगळी परतपत्रं. मी म्हटलं, मामा, हा साहेब नव्हे. सर्व्हरवर गुपचूप राबणारा प्रोग्राम आहे. १९६३च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीतल्या मंडळींनी मॅक्सवेल या शास्त्रज्ञाच्या काल्पनिक भुतावरून हे नाव ठेवलं.

"मला कळत नाही होय?" मामा म्हणाले. "पण दोन मिनिटांत उत्तर देणारा या धंद्यात दुसरा कोण आहे? साहेबच म्हणायचं."

"पण ही तरी काढू. नुसती नापास झालेली पत्रं आहेत. आणि त्या मेलेल्या पत्त्यांवर पाठवणंही थांबवा. नवा होस्टिंगवाला वैतागेल."

मामांनी चष्मा वर सरकवला आणि माउस माझ्या हातातून काढून घेतला. दर वर्षी लक्ष्मीपूजनाच्या सकाळी ते यादीतल्या एकूण एक पत्त्यावर शुभेच्छा पाठवतात. "हे बघा. मेलबॉक्स भरलाय म्हणतोय. म्हणजे मालक आहे, बघत नाही. मुलाच्या हातात गेलं असणार. हा ५५०, युजर अननोन. म्हणजे कारकून सोडून गेला, कारखाना चालू. आणि हा, डोमेनच सापडत नाही म्हणतोय." बोट थांबलं. "बारा लूम होते. भंगारात घातले. मला कुणी सांगितलं नाही, डेमनसाहेबांनी सांगितलं." खाली सरकत गेले. "हे पण. हे पण. हे आमच्या गल्लीतले."

मी पुसायची खूण कुठं असते ते दाखवायचं विसरलो.

"असू दे की," मामा म्हणाले. 'लागलं तर?' म्हणाले नाहीत.

पत्रं हलली, पत्ता बदलला, दोन दिवसांनी चुकून तिकडं पडलेली सतरा पत्रं मी जुन्या गाळ्यावरून गोळा करून आणली. त्यांत एक राजपुत्राचं होतं. तेही नेलं.

लक्ष्मीपूजनाला सकाळी साडेसातला फोन वाजला. मी उटणं लावून बसलो होतो, फोन कोपरानं उचलला.

"जावईबापू, सगळं झकास चाललंय. डेमनसाहेब इथंसुद्धा आले. यंदा एकोणचाळीस पत्रं आहेत."