तिथी गुणिले पाऊण

(गुहागर. चिऱ्याचं घर, पुढे सारवलेलं अंगण. गडग्यावर पाटी : ‘खोल्या मिळतील. घरगुती जेवण. मोदक ऑर्डरप्रमाणे.’ संध्याकाळचे साडेपाच. पात्रं तीन : पुण्याहून आलेला एक्सेलवाला, शेजारची सीट, म्हणजे त्याची बायको, आणि खोलीवाल्या काकू.)

एक्सेलवाला : नमस्कार काकू. आमचं बुकिंग आहे. डबल रूम, सी-फेसिंग.

काकू : या, या. आधी ती गाडी माडाखालून काढा.

एक्सेलवाला : सावली बघून लावलीय. आणि इन्शुरन्स फुल आहे.

काकू : गाडीचा असेल. नारळाचा कुठाय? फुटला तर कोण भरून देणार?

(गाडी हलते. खोली उघडते. पलंग, प्लॅस्टिकची खुर्ची, भिंतीवर कालनिर्णय. खिडकीबाहेर पोफळी, तिच्यामागे पोफळी, तिच्यामागे पोफळीच.)

एक्सेलवाला : समुद्र कुठाय?

काकू : मागच्या फाटकातून निघायचं. वाडी संपली की सुरूचं बन, बन संपलं की पुळण. चार मिनिटं.

एक्सेलवाला : पण सी-फेसिंग लिहिलं होतं.

काकू : वाडी आहे ना सी-फेसिंग. घराचं तोंड रस्त्याकडे.

शेजारची सीट : असं का हो? मी असते तर समुद्राकडे भिंतच ठेवली नसती.

काकू : मग आषाढात कौलंही राहिली नसती. इकडे एकजात सगळी जुनी घरं समुद्राकडे पाठ करून आहेत बघ. आमच्या आजेसासऱ्यांना सूर्यास्ताची हौस नव्हती, छप्पर जाग्यावर राहायला हवं होतं. हा एसी बघ. भिंतीच्या आडोशाला ठेवलाय, तरी बाहेरच्या जाळीला बोट लाव... लाव, लाव. निघाला ना पापुद्रा? दोन पावसाळे झालेत फक्त त्याला. आणि आता बांधायचं म्हटलं, तरी सीआरझेडवाले देतील का बांधू?

एक्सेलवाला : रिव्ह्यू मात्र चांगले होते तुमचे. एकानेच दोन तारे दिले होते.

काकू : तो होय! दुपारी दीडला आला, समुद्रावर गेला आणि तणतणत परत. म्हणे, फोटोत पाणी जवळ होतं, इथे लांब गेलंय. ओहोटी आहे, सांगितलं. तर म्हणे, बुकिंगच्या वेळी कळवायला हवं होतं. रात्री भरती आली, तर लाटांनी झोप लागत नाही म्हणून पुन्हा दार वाजवलं.

एक्सेलवाला : मुद्दा बरोबर आहे त्याचा. माहिती आधी मिळायला हवी. वाय-फाय?

काकू : विहिरीपाशी येतं. रहाटाच्या डाव्या बाजूला उभं राहायचं.

(एक्सेलवाला रहाटाच्या डाव्या बाजूला लॅपटॉप उघडतो.)

एक्सेलवाला : हे बघा. काल हरिहरेश्वर, आज गुहागर, उद्या रात्री थेट तारकर्ली. वाटेत वेळणेश्वर, हेदवी, गणपतीपुळे, आरे-वारे, पूर्णगड, विजयदुर्ग, कुणकेश्वर. प्रत्येकी वीस मिनिटं.

काकू : देवाला तरी वीस मिनिटांत दर्शन देणं जमेल का? आज आलात कसे?

शेजारची सीट : विचारू नका. बागमांडल्याला बोटीत गाडी घातली, वेसवीला उतरलो. दाभोळला पुन्हा बोट, धोपाव्याला उतरलो. दोन्हीकडे रांग. नकाशा सारखा म्हणत होता, मागे फिरा, चिपळूणवरून जा.

एक्सेलवाला : शंभराच्या वर किलोमीटर पडले असते ते.

काकू : नकाशाला खाडी कळत नाही. १९८० च्या सुमाराला अंतुल्यांनी रेवस ते रेडी असा सागरी रस्ता मनावर घेतला, तेव्हा आम्हाला वाटलं, झाले पूल. अजून आम्ही बोटीची वेळ बघून जेवायला बसतो. बरं, वेसवीला उतरलात, तर वेळासला नाही राहिलात?

एक्सेलवाला : तिथे हॉटेलच दिसेना. गाळलं मग.

काकू : हॉटेल कशाला हवं? कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात तेव्हा गावातली घरंच पाहुणे ठेवतात. माजघरात झोपायचं, घरचं जेवायचं, पहाटे पुळणीवर.

शेजारची सीट : बघ! मी म्हणत होते.

एक्सेलवाला : तू डुलक्या काढत होतीस.

काकू : भांडणं जेवणानंतर. आज तिथी काय?

एक्सेलवाला : तारीख सांगू शकतो.

काकू : दशमी. दहाचे पाऊणपट किती?

एक्सेलवाला : साडेसात.

काकू : साडेसातला पूर्ण भरती. उद्या एकादशी, म्हणजे सव्वाआठ. त्याच्या सहा तास पुढे ओहोटी. मिनिटं मागेपुढे होतात, पण गाव त्यावर चालतं.

(एक्सेलवाल्याच्या चेहऱ्यावर दिवसभरात पहिल्यांदा पर्यटनाचा आनंद दिसतो.)

एक्सेलवाला : म्हणजे फॉर्म्युला आहे! तिथी गुणिले पाऊण! थांबा, कॉलम घालतो.

काकू : घाला. उद्या सातला निघा. सव्वाआठच्या भरतीला हेदवीला बामणघळीवर पोचा. खडकातल्या फटीत लाट शिरते आणि सरळ वर उडते. ओहोटीला गेलात, तर नुसती फट बघून याल. मग तवसाळहून बोटीने जयगड, आणि मुक्काम मालगुंडला. केशवसुतांचं गाव. माझी धाकटी नणंद आहे तिथे, दोन खोल्या काढल्यात.

एक्सेलवाला : आणि तारकर्ली?

काकू : परवा कुणकेश्वरपर्यंतच जा. भाचा आहे, त्याच्याकडे राहा. तेरवा देवबाग. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, मधे चिंचोळी जमीन आणि पुढे रस्ताच संपतो. तुमचं ते फेसिंग दोन्हीकडून भागेल. त्रयोदशीची भरती पावणेदहाला, म्हणजे दुपारी पावणेचारला पाणी उतरलेलं असेल. तेव्हा होडीवाला खाडीच्या तोंडाशी वाळूच्या बेटावर नेतो.

शेजारची सीट : तिथेही तुमची नणंद?

काकू : छे. तिथे भाच्याचा वर्गमित्र. मासे तिथेच खा, आमच्यात कुणाकडे होत नाहीत. मात्र सकाळी सांगायचं, तर दुपारी ताटात पडतात.

एक्सेलवाला : पण काकू, तेरवा मला ऑफिसला जायचंय!

शेजारची सीट : त्याला पाऊणने गुण.

काकू : मोदक किती करू? आजच सांगा. उद्या एकादशी, नाश्त्याला साबुदाण्याची खिचडी मिळेल. तांदळाचं काय ते आज रात्री.

एक्सेलवाला : दोघांत चार.

काकू : चार मोदकांसाठी नारळ फोडायचा? अकरा करते. उरले तर डब्यात देईन. उरत नाहीत. जा आता, पाणी चढतंय, उजेड आहे तोवर फिरून या.

(दोघं मागच्या फाटकातून जातात. काकू रहाटाच्या डाव्या बाजूला उभ्या राहून फोन लावतात.)

काकू : हॅलो, वन्सं? उद्या दोघं पाठवतेय... हो, पुण्याचेच... नाही गं, बरी आहेत. त्याच्याजवळ लॅपटॉप आहे, तुला तिथी विचारील, बरोबर सांग हो... खोलीतून समुद्र दिसायला हवाय म्हणे. मी आपलं सांगून ठेवते, गच्चीवरून दिसतो म्हणून... दिसत नाही? कधीपासून?... माड वाढले होय. मग असं कर, गच्चीवर टेबल ठेव आणि त्याच्यावर खुर्ची.