बाई बोलल्याच नव्हत्या म्हणे

"काकू, काल रात्री काय हो लावलं होतंत? आधी बिगुल, मग एक बाई अगदी सावकाश गात होती. आमचे हे भरल्या ताटावरून उठून खिडकीशी गेले ऐकायला."

शिंदेवहिनी कढीपत्ता मागायला म्हणून कुंपणाशी येतात. कढीपत्ता त्यांच्या दारातही आहे, पण त्याचं काय.

"लिली मार्लेन," मी म्हटलं. जन्मभर जर्मन शिकवलंय, त्यामुळे असलं कुणी विचारलं की गॅसवरचं दूध माझ्या डोक्यातून जातं. "जर्मन गाणं आहे. दुसऱ्या महायुद्धात दोन्हीकडचे सैनिक तेच गात होते."

"आणि ही लिली कोण?"

"एक नव्हे, दोघी. लिली वेगळी नि मार्लेन वेगळी. हान्स लाइप नावाचा हॅम्बुर्गचा पोरगा १९१५ साली बर्लिनच्या बराकीत होता. रशियाच्या आघाडीवर निघायच्या आधी पहाऱ्यावर उभ्या उभ्या दोघींची नावं जोडली आणि कविता करून टाकली. फाटकाशी दिवा, दिव्याखाली मुलगी, आत परत बोलावणारा बिगुल."

"दोघींना ठाऊक होतं?" वहिनींचा आवाज लगेच खाली आला.

"अहो, माणूस लढाईवर निघाला होता!"

"म्हणून काय झालं?"

तो मुद्दा तिथेच सोडून मी पुढे सरकले. कविता छापून आली १९३७ साली. पुढच्या वर्षी नॉर्बर्ट शुल्त्से यानं चाल लावली आणि १९३९ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे युद्धाला महिना उरला असताना, लाले आंदरसनच्या आवाजात रेकॉर्ड झाली. कुणी ढुंकून पाहिलं नाही. नशीब उघडलं ते १९४१ मध्ये. जर्मनांनी बेलग्रेड घेतलं, तिथलं रेडिओ स्टेशन आपल्या सैनिकांसाठी चालवायला घेतलं, पण वाजवायला रेकॉर्डीच पुरेशा नाहीत. मग एकाला व्हिएन्नाला पिटाळलं. तिथल्या स्टेशनच्या अडगळीतून तो जे घेऊन आला, त्यात ही होती. रोज रात्री दहाच्या जरा आधी ती वाजायला लागली आणि थेट आफ्रिकेच्या वाळवंटात ऐकू जायची. तिथले जर्मन सेनापती रोमेलचे सैनिक ऐकायचे, आणि समोरच्या खंदकातले ब्रिटिशही कान लावून बसायचे.

"शत्रूचं गाणं?"

"शत्रूचं. पुढे इंग्रजीत शब्द बसवले, तोवर पोरं जर्मनमध्येच गुणगुणत होती. आणि गंमत म्हणजे गाण्यात युद्धाविरुद्ध एक अक्षर नाही. तरी हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याच्या कपाळाला आठी. सैनिकाला घरची आठवण काढायला लावणारं गाणं त्याला कसं चालावं? त्या लालेची झ्यूरिकमधल्या ज्यू मित्रांशी ओळख, म्हणून १९४२ मध्ये तिचं गाणंच बंद केलं."

"आणि चाल लावणारा? त्याला काही नाही?"

"त्याला कशाला? इंग्लंडवर बॉम्ब टाकायला निघालेल्यांचं गाणंही त्यानंच केलं होतं. चांगला नव्वदी ओलांडून गेला." हा शुल्त्से मला कधीच आवडला नाही. एका पेटीतून दोन्ही सूर काढणारी माणसं सगळ्या काळात असतात, पण त्याची युद्धगीतं आज कोण गुणगुणतं?

वहिनी कुंपणाच्या खांबावर कोपर टेकून सैलावल्या. "आमचे मामंजी होते ना इटलीत. पोस्टकार्डाएवढा फोटो आहे त्यांचा, बर्फात उभ्यानं काढलेला."

हे मला ठाऊक होतं, म्हणून तर राखून ठेवलं होतं.

"मग पुढचं ऐकाच. याच चालीवर इटलीतल्या सैनिकांनी आपलं गाणं केलं, आणि ते खरं झोंबणारं. ४ जून १९४४ ला रोम पडलं. जरा कौतुक होईल म्हणावं, तर ६ जूनला दोस्तांचं सैन्य फ्रान्समध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलं, तोच डी-डे. सगळे पेपर तिकडे वळले. इटलीतले विसरले गेले. त्यात वावडी उठली की लेडी अ‍ॅस्टर बाई इटलीतल्या सैनिकांना 'डी-डे डॉजर्स' म्हणाल्या. म्हणजे डी-डेला दांडी मारून बसलेले."

"ही कोण?"

"ब्रिटिश पार्लमेंटमध्ये जाऊन बसलेली पहिली बाई. १९१९ पासून. तोंडाची फटकळ, त्यामुळे ती असं बोलली असेल यावर कुणालाही विश्वास ठेवायला जड गेलं नाही."

"बोलली का पण?"

"छे! ती म्हणाली, मी असं काही बोललेच नाही. आणि बोलल्याची नोंदही कुठे नाही."

"असं होय!" वहिनींच्या डोळ्यांत चमक आली. न बोललेल्या वाक्यावरून पेटलेलं भांडण म्हणजे त्यांचा खास विषय.

"मग पोरांनी काय केलं? ते नाव मिरवायलाच घेतलं. हो, आम्ही दांडीबहाद्दर, आम्ही इटलीत दारू पीत लोळतोय, सालेर्नो म्हणजे सहल, आन्झियो नि कासिनो म्हणजे नुसती मौज, असं सगळं उलट बोलत गेले. कासिनोला चार महिने माणसं मरत होती, वहिनी. कडव्यांमागून कडवी जोडली कुणी कुणी. हॅमिश हेंडरसन या स्कॉटिश कवीनं ती गोळा केली, आपली भर घातली, आणि गाणं बहुतेक त्याच्याच नावावर खपतं. बाईंनाही त्यात चांगलं धुतलंय. शेवटी मात्र थट्टा थांबते. डोंगरावरचे क्रूस पाहा, म्हणतात, ते आमचेच सोबती. मला विचाराल तर युद्धाविरुद्धची म्हणून मुद्दाम लिहिलेली कितीतरी गाणी या एका कडव्यापुढे फिकी आहेत, कारण हे करणाऱ्यांना कुणाला उपदेश करायचाच नव्हता. चिडले होते नुसते."

"आपले लोक होते त्यात?"

"इटलीत तीन भारतीय डिव्हिजन लढल्या. तुमच्या मामंजींची मराठा पलटण होतीच. नाईक यशवंत घाडगे ठाऊक असतील."

"म्हणजे काय! माणगावचे आमच्याकडचे. तिथे पुतळा आहे त्यांचा." वहिनींचं माहेर त्याच तालुक्यातलं. "एकट्यानं मशीनगनवर धावून गेले."

"१० जुलै १९४४, टायबर नदीच्या खोऱ्यात. बावीस वर्षांचे होते. डी-डे होऊन महिना झाला होता. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण मागून."

"त्यांनाही दांडीबहाद्दरच म्हणायचं का मग त्या बाईनं?" वहिनी खरोखर तापल्या. ऐंशी वर्षांनी.

"वहिनी, ती बोलली नव्हती."

"हो, हो, ऐकलं मी." त्यांनी कढीपत्ता पदरात घेतला नि घराकडे वळल्या. मग दोन पावलं गेल्यावर परत फिरून म्हणाल्या, "आमच्या समोरच्याही असंच म्हणतात, काकू. आम्ही कुठे काय बोललो!"